शेवटचे दोन खण

चाचांचा डबा उन्हात असायचा. साइटवर पोचल्याबरोबर ते आपला तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा पिकअपच्या बॉनेटवर ठेवत, वर एक काळं फडकं टाकत आणि दुपारी बाराला ते फडकं उचलत. ऑगस्टमध्ये आतलं सुरमईचं कालवण असं तापलेलं असे की बोट घालवत नसे. जानेवारीत मात्र ते थंडच जेवत. आमच्या जेवणाच्या कंटेनरमध्ये दोन मायक्रोवेव्ह ओव्हन होते, त्यातला एक तर नवाकोरा, पण चाचांनी त्यांना कधी हात लावला नाही.

"दिवसभर तुम्ही तेच मशीन चालवता, आणि डबा त्यात ठेवायला घाबरता?" मी एकदा त्यांना डिवचलं.

"म्हणून तर," ते म्हणाले. "जो काँक्रीटची साल काढतो त्याच्या ताब्यात मी माझी सुरमई देऊ? तू दे तुझी भेंडी. तिचं काय वाकडं होणार हाय?"

मी नाशिकचा, शाकाहारी आणि साइटवरचा सेफ्टी ऑफिसर. तिन्ही बाबतीत चाचांच्या लेखी मी कच्चाच होतो. माझ्या हातात कायम वही असे, म्हणून ते मला मास्तर म्हणत. ते स्वतः रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या एका गावातले. कतारमध्ये त्यांनी तीस वर्षं काढली होती. पगाराच्या यादीत त्यांचं काही एक नाव होतं, पण ते कोणी घेत नसे. नेपाळी, मल्याळी, इजिप्शियन, सगळ्यांचे ते चाचाच.

ते गेले त्याला आता आठ महिने झाले. माझ्या घरातला ओव्हन अजून चालू आहे. बायको त्यात दूध तापवते, मुलगी पॉपकॉर्न फोडते, आणि ते फुटायला लागले की मी गॅलरीत जाऊन उभा राहतो.

आमचं काम काय ते सांगितलं की लोकांना थाप वाटते. रास लफान या गॅसच्या बंदराच्या बाहेरच्या अंगाला एक जुनं यार्ड होतं. गॅसच्या विहिरींतून काढलेले पाइप तिथे अनेक वर्षं खरवडून धुतले जात. असल्या पाइपांच्या आत जी खपली धरते तिच्यात जमिनीच्या पोटातला किरणोत्सार असतो. थोडाच, पण ती धूळ वर्षानुवर्षं फरशीवर सांडत राहिली आणि काँक्रीटच्या वरच्या कातडीत मुरली. आता यार्ड रिकामं करून द्यायचं, तर आधी ही कातडी काढायला हवी. ब्रेकर लावून फोडावी तर धूळ उडते आणि माणसांच्या छातीत जाते. म्हणून मायक्रोवेव्ह. हातगाडीसारखं मशीन, त्याचं चौकोनी तोंड जमिनीकडे आणि तोंडाभोवती लोखंडी साखळ्यांची झालर, किरण बाहेर निसटू नयेत म्हणून. काँक्रीट कितीही जुनं असो, त्याच्या पोटात पाणी असतंच. मशीनने त्या पाण्याची वाफ होते, आणि तव्यावरच्या भाकरीचा पापुद्रा सुटतो तशी पाच-सहा मिलिमीटरची साल फटकन सुटते. मागून व्हॅक्यूम ती ओढून ड्रममध्ये भरतो. मग मी किरणोत्सार मोजायचा माझा काउंटर घेऊन वाकतो आणि आकडा वहीत लिहितो. मी कधी खोटा आकडा लिहिला नाही. त्याचा मला अभिमान होता.

फरशीचे चोवीस खण होते. प्रत्येक खण झाला की चाचा त्याच्या कोपऱ्यात खडूने एक छोटी रेघ ओढत, आणि आपलंच काम आहे हे माहीत असूनही ती रेघ दोनदा ओढत.

मशीनला ते ‘हजाम’ म्हणत. "हजाम उठला काय?" असं सकाळी आल्या आल्या विचारत. "दाढी करायची, गळा नाय कापायचा," हे त्यांचं ब्रीद. गळा म्हणजे आतली सळई. सळई उघडी पडली की फरशी गेली. मशीन जरा जास्त वेळ एका जागी थांबलं, तर वाफ खोलवर कोंडते आणि सालीऐवजी ढेकूळ उडतं. किती थांबायचं आणि कधी सरकायचं हे मशीनच्या पुस्तकात तक्त्यात दिलं होतं. तो तक्ता परदेशात तयार झालेला, तिथल्या ओल्या हवेतल्या काँक्रीटवर.

तो तक्ता घेऊन एक परदेशी तज्ज्ञ आमच्याकडे महिनाभर आला होता. भला माणूस, पण सुंभ जळेल आणि पीळ जळणार नाही अशातला. पहिल्या दिवशी त्याने तक्त्याबरहुकूम मशीन लावलं. काँक्रीट नुसतं तापलं. वीस-पंचवीस उन्हाळे खाल्लेली ती फरशी, वरच्या थरात ओल अशी नव्हतीच. त्याने वेळ वाढवला. तरी काही नाही. आणखी वाढवला, तेव्हा झालरीच्या आत स्फोटासारखा आवाज झाला आणि बशीएवढा खड्डा पडला. तज्ज्ञ खड्ड्याकडे बघत राहिला. चाचा तेव्हा नुसते मदतनीस होते, व्हॅक्यूमची नळी धरणारे. ते माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "मास्तर, त्याला सांग, पाणी लावल्याबिगर दाढी करतात काय?"

मी हे भाषांतर करून तज्ज्ञाला सांगितलं. तो हसला, पण मग विचारात पडला. आडवा आलो तो मी. काँक्रीटवर पाणी ओतलं तर मुरलेली घाण आणखी खाली जाईल, असं माझं म्हणणं. ते बरोबरही होतं.

"ओतायला कोण सांगतो?" चाचा चिडले. "न्हावी तोंडावर बादली ओततो काय?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोहातल्या एका सलूनमधून फवाऱ्याची बाटली आणली, ती न्हाव्याकडे असते तीच. एका हातभर तुकड्यावर त्यांनी धुक्यासारखं पाणी उडवलं, वर दमट गोणपाट टाकलं, गोणपाटावर प्लास्टिक. तरुणपणी गवंड्याच्या हाताखाली असताना नव्या स्लॅबला पाणी मारायचं त्यांचं काम असे. स्लॅब कधी तहानलेला आहे आणि कधी त्याला पुरे झालंय हे आपल्याला कळतं असं ते म्हणत. दुसऱ्या सकाळी प्लास्टिक काढलं आणि मशीन लावलं. साल सुटली. पातळ, एकसारखी, जशी काही पत्र्याच्या कात्रीने कापली होती. मी खालचे नमुने तपासले. घाण खाली गेली नव्हती. तज्ज्ञाने चाचांशी हात मिळवला आणि जाताना मशीन त्यांच्याच हाती देऊन गेला.

त्याने आपल्या अहवालात लिहिलं होतं की या ऑपरेटरचे कान विलक्षण आहेत. ते वाक्य मी चाचांना वाचून दाखवलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट बघितलं आणि खदखदून हसले. मला वाटलं, कौतुकाने हसले.

कारण तेव्हा आमची सगळ्यांचीच तशी समजूत होती. चाचा काँक्रीटचं ऐकतात. मशीन चालू असताना त्यांचा एक हात हँडलवर असे आणि मान किंचित कललेली, डोळे अर्धे मिटलेले. मशीन बंद झालं की ते गुडघ्यावर बसत, उजव्या हाताचा ग्लोव्ह काढत आणि साल काढलेल्या पट्ट्याच्या बाहेर, पुढच्या जागेवर, तळहात टेकवत. दुसऱ्या हाताने शेजारी खिळ्याने दोनदा ठोकत. "हां, बोलला," म्हणत. किंवा, "हा गप हाय, ह्याला आणखी पाणी हवं." ग्लोव्ह काढल्याबद्दल मी दर वेळी त्यांना रागावत असे आणि दर वेळी वहीत लिहीत असे. पालथ्या घड्यावर पाणी. नवे इंजिनियर आले की त्यांना दाखवायला आम्ही चाचांना बोलावत असू, आणि चाचा काँक्रीटवर हात टेकवून, मान कलवून, ऐकल्याचं सोंग इतकं छान करत की कोणीतरी मोबाइलवर ते टिपत असे.

उम्म सलाल मोहम्मदमध्ये त्यांच्या गावाकडच्या सहा माणसांबरोबर ते राहत. जवळच्या शेतावरून दर गुरुवारी ते माझ्यासाठी भेंडी आणत. पिशवी हातात देताना, "घे, तुझी सुरमई," म्हणत.

एकदा ते आमच्या अल थुमामाच्या घरी जेवायला आले. बायकोने घाईत वरण ओव्हनमध्ये गरम केलं होतं. चाचांनी वाटीकडे बघितलं, मग स्वयंपाकघरातल्या त्या चौकोनी पेटीकडे बघितलं आणि विचारलं, "ही हजामाच्या हातची काय?" बायकोने हसत हसत वरण पुन्हा गॅसवर ठेवलं. मग माझी मुलगी त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली. तिला मराठी समजतं, पण बोलायला सांगितलं की इंग्रजीत बोलते. "अंकल, तुम्ही सायंटिस्ट आहात का?" असं काहीतरी तिने इंग्रजीत विचारलं. चाचा म्हणाले, "बरं, बरं." तिने आणखी काही विचारलं. चाचा म्हणाले, "बरं, बरं," आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मला वाटलं, त्यांना इंग्रजी येत नाही.

पुढे सगळं झाल्यावर बायको म्हणाली, "मला तर त्याच दिवशी कळलं होतं. ते आपल्या ओठांकडे बघत होते. मी पाठमोरी असताना काही विचारलं तर त्यांनी एकदाही उत्तर दिलं नाही. मला वाटलं, तुला माहीत असेल."

मला माहीत नव्हतं. रोज सकाळी गळतीचा मीटर तपासून त्यांच्या छातीवर लावायचं काम माझं होतं. मशीनच्या झालरीतून किरण निसटले तर तो मीटर कर्कश ओरडायचा. मी बटण दाबून तो ओरडतोय ना ते बघे. चाचा माझ्या चेहऱ्याकडे बघत विचारत, "बोलतो ना?" मी मान हलवे. ते म्हणत, "मग ठीक." जवळजवळ वर्षभर हे रोज चाललं.

बाविसाव्या खणाची शेवटची पट्टी चालू होती. दोन खणांच्या सांध्यावर एका बाजूची कड वर आलेली होती, आणि त्यावर झालर उचलली गेली. मीटर ओरडायला लागला. मी वीस पावलांवर पिवळ्या दोरीच्या बाहेर होतो, तिथे मला तो ऐकू आला. नळी धरणाऱ्या नेपाळ्याला ऐकू आला, त्याने हाका मारल्या. पलीकडच्या क्रेनवाल्याने मान वळवली. चाचा मात्र मान कलवून, डोळे अर्धे मिटून, संथपणे मशीन पुढे सरकवत होते. त्यांच्या छातीवर तो मीटर लाल दिवा लावून ओरडत होता.

मी धावत जाऊन लाल बटण दाबलं. हँडलची थरथर थांबली तसे ते वळले. माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "काय मास्तर? लाइट गेली?"

सुदैवाने गळती थोडी होती. त्यांना काही झालं नाही. पण त्या वाक्याबरोबर मला सगळं कळलं, आणि मला कळलंय हे त्यांना कळलं. आम्ही कंटेनरमागच्या सावलीत जाऊन बसलो. मी त्यांच्यासमोर बसलो, ओठ दिसतील असा.

"किती दिवसांपासून?"

"दिवस कसले? वर्षं झाली." त्यांनी यार्डाच्या टोकाला पडलेल्या जुन्या ब्रेकरकडे बोट केलं. "आधी तो चालवायचो. सतरा वर्षं. तेव्हा कानात घालायला कापूस पण नव्हता."

"आणि दरवर्षीची मेडिकल?"

इथे ते जरा खूश झाले. "काचेच्या पेटीत बसवतात. कानाला लावतात ते. आवाज आला की बटण दाबा म्हणतात. बाहेर नर्स बसते, ती आवाज सोडते तेव्हा तिचा उजवा खांदा हलतो. मी आपला खांद्यावर नजर ठेवून असतो. मागल्या साली मला तिनं सांगितलं, चाचा, तुमचे कान माझ्यापेक्षा चांगले."

"आणि काँक्रीट? ते कसं ऐकता?"

त्यांनी उजवा तळहात माझ्यापुढे धरला. चिरा पडलेला, पांढरट झालेला. "ते काय कानानं ऐकायचं असतं होय, मास्तर? साल सुटायला आली की हँडल वेगळं थरथरतं. मुंगी चालल्यागत. ती मुंगी आली की सरकायचं. ठोकलं तरी हाताला येतं बरोबर. तुम्ही म्हणालात कान, मी म्हटलं असू दे कान. गोरा एवढा खूश झाला, त्याला कशाला दुखवा?"

मग म्हणाले, "दोन खण राहिलेत. पंधरा दिवसांचं काम. तेवढं करू दे. मग मी आपणहून जातो. तीस वर्षं या मुलखात मी कुठलं काम अर्धं टाकलं नाय. गावात काय सांगू, अनफिट म्हणून धाडला? काम संपलं म्हणून जाऊ दे मला, मास्तर. अनफिट म्हणून नको."

मी म्हणालो, "चाचा, नियम आहे. उद्या तुम्हाला काही झालं तर?"

ते माझ्या ओठांकडे बघत होते. वाक्य संपल्यावरही बघत राहिले, आणखी काही येईल म्हणून. मग म्हणाले, "बरं. तुझं बरोबर हाय."

त्यांनी भांडायला हवं होतं. चार शिव्या द्यायला हव्या होत्या. त्यांच्याकडे कोकणी शिव्यांचा साठा चांगला होता, मी ऐकल्या होत्या. पण माझं बरोबर आहे असं ते म्हणाले.

रिपोर्ट मी त्याच संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये बसून फोनवर लिहिला. चाचा माझ्यापुढे दोन सीट सोडून बसले होते. खिडकीच्या काचेला तळहात टेकवून बसायची त्यांची नेहमीची सवय. उम्म सलालचा थांबा यायच्या जरा आधी मी ‘पाठवा’ दाबलं. उतरताना त्यांनी मागे वळून मला हात केला, रोज करत तसा. मीही केला.

पुढचं सगळं रीतसर झालं. या वेळी तपासणी करणारा माणूस पाठ करून बसला. अनफिट. दुसरं काही काम देता आलं असतं, पण यार्डाचं कंत्राटच संपत आलेलं, त्यामुळे कोणी फारसा विचार केला नाही. आठवड्याभरात तिकीट आलं.

शुक्रवारी मी त्यांच्या खोलीवर गेलो. खोकं बांधून तयार होतं. "नाव तू लिही," त्यांनी माझ्या हातात मार्कर दिला, "तुझं अक्षर चांगलं." मी खोक्याच्या चारही बाजूंना मोठ्या अक्षरांत त्यांचं नाव लिहिलं. त्या आठवड्यात ते नाव मी दुसऱ्यांदा लिहीत होतो, पहिल्यांदा रिपोर्टात. निघताना त्यांनी फवाऱ्याची बाटली मला दिली. "जो हजाम धरेल त्याला दे. आधी पाणी, मग दाढी. शिकव त्याला."

"चाचा," मी म्हणालो, "मला माफ—"

ते खोक्याची दोरी आवळत होते. माझी पाठ उजेडाकडे होती. त्यांनी वर बघितलं नाही.

आमचं घर विमानतळाजवळ आहे. त्या रात्री डोक्यावरून किती विमानं गेली, त्यातलं त्यांचं कोणतं ते मला कळलं नाही.

नवा ऑपरेटर शिकलेला होता, सर्टिफिकेटवाला, कान ठणठणीत. त्याने बाटली बघितली, हसला आणि ड्रॉवरमध्ये ठेवून दिली. त्याचंही चुकलं म्हणवत नाही, त्याला पंधरा दिवसांत दोन खण संपवायचे होते आणि गोणपाट रात्रभर ठेवायला लागतं. तेविसाव्या खणात तिसऱ्याच दिवशी हातभर लांब ढेकूळ उडालं आणि तीन सळया उघड्या पडल्या. गळा कापला. मग वरून हुकूम आला, खलास, वेळ घालवू नका, उरलेली फरशी ओली करून ब्रेकरने फोडून काढा. ज्या यंत्राने चाचांचे कान खाल्ले त्याच यंत्राने त्यांचे शेवटचे दोन खण फुटले. मी मास्क लावून उभा होतो आणि आकडे लिहीत होतो. सगळे बरोबर लिहिले.

यार्ड ताब्यात दिल्यावर मीटर वार्षिक तपासणीसाठी पाठवायचे होते. चाचांच्या छातीवर असायचा तो मीटर हातात घेऊन मी बॅटरी बदलत होतो. बटण चुकून जास्त वेळ दाबलं गेलं आणि पडद्यावर एक यादी आली, जी मी आधी कधी उघडली नव्हती. आवाज. दिवा. कंपन. मी तिसऱ्यावर बोट ठेवलं. मीटर माझ्या तळहातात थरथरायला लागला.

त्यांच्या छातीवर तो असाच थरथरला असता. त्यांनी काँक्रीटच्या पोटातली मुंगी ओळखली होती, ही थरथर त्यांना लाख हाकांपेक्षा आधी कळली असती. एक बटण. वर्षभर रोज सकाळी तो मीटर मी तपासला होता. माहितीपुस्तक माझ्याच कपाटात होतं, प्लास्टिकसुद्धा न फाडलेलं. मी ते तेव्हा उघडलं असतं तर पंधरा दिवसांत चाचांनी चोविसाव्या खणाच्या कोपऱ्यात दोनदा रेघ ओढली असती आणि काम संपलं म्हणून घरी गेले असते. जगाला नियम शिकवणारा मी, स्वतः एक पुस्तक वाचलं नाही.

गावी गेल्यावर त्यांचे निरोप व्हॉट्सॅपवर येत, नेहमी बोललेले. "मास्तर, रत्नागिरीत कानाचं मशीन घेतलंय. झकास ऐकू येतं. तू पण बोलूनच पाठव. लिवलेलं नको, डोळे चुरचुरतात." मला फार बरं वाटलं होतं. मी आठवड्याला एखादा निरोप पाठवे. त्यांचं उत्तर येई, "बरं, बरं मास्तर. पोरगी कशी हाय?"

मीटरचं कळलं त्या संध्याकाळी मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि त्यांना एक लांब निरोप पाठवला. सगळं सांगितलं. तिसरा पर्याय, न उघडलेलं पुस्तक, दोन खणांचं काय झालं ते. बसमध्ये बसून रिपोर्ट लिहिला तेही. अर्ध्या तासाने उत्तर आलं. "बरं, बरं मास्तर. झालं ते बेस झालं. पोरगी कशी हाय?" मला वाटलं, माफ केलं त्यांनी. त्या रात्री मी बऱ्याच दिवसांनी शांत झोपलो.

मग एक दिवस त्यांच्या नंबरवरून सरळ फोन आला. चाची होत्या, त्यांची बायको. आम्ही कधी बोललो नव्हतो.

"मास्तर काय? हे गेले परवा. सकाळची नमाज झाली नि बसल्या जागी गेले. तुमाला कळवायला हवं म्हणून केला फोन."

मी काहीतरी बोललो. काय ते आठवत नाही. बोलायचं म्हणून विचारलं, कानाच्या मशीनने तरी त्यांना शेवटी बरं होतं ना?

"कसलं मशीन?" चाची म्हणाल्या. "घेतलंच नाय. लोक बघतील म्हणायचे. तुमचा निरोप आला की फोन असा पालथा हातावर ठेवायचे, तळव्यावर. फोन हलतो ना बोलताना, त्याच्यावर हात. संपला की म्हणायचे, बोलला मास्तर. मी म्हणायची, थांबा, काय बोलला ते मी सांगते. तर म्हणायचे, नको, मला कळलं."

चाचीच पुढे बोलल्या.

"एक निरोप लय लांबडा आला होता तुमचा. मी तेवा भायेर मासळी साफ करीत होते. तो संपला तरी हे फोन हातावर धरून बसले. मी विचारलं, एवढं काय बोलला? तर डोळे पुसले नि म्हणाले, ते दोन खण राहिले होते ना, ते झाले म्हणतो. काम संपलं. मग मला चा करायला सांगितला, नि शेजारच्यांना बोलवून चा दिला. सगळ्यांना सांगितलं, माझं काम संपलं."

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता. इकडे बायको दारात येऊन उभी होती.

"झालं होतं ना ते काम, मास्तर?" चाचींनी विचारलं. "त्यांच्या त्या हजामानंच ना? गळा नाय ना कापला?"

ड्रॉवरमधून परत आणलेली ती फवाऱ्याची बाटली माझ्या टेबलावर होती. आयुष्यात मी कधी खोटा आकडा लिहिलेला नव्हता.

"नाही, चाची," मी म्हणालो. "दोन्ही खण झाले. एकही सळई दिसली नाही. नुसती दाढी."